आर

गेल्या आठवड्यात आमच्या जिन्याच्या कठड्याला रंग लावायला माणूस आला. त्याने टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि मी वरूनच ओरडलो, "आधी बोळा घाल, चिमटा मागनं!" तो बिचारा ब्रश धरून वर बघत राहिला.

बैलाच्या खांद्याच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाइनचा बोळा ठासायचा. जीव गुदमरून किडे वर येतात, मग वेचायचे. छत्तीस वर्षं हे केलं. दिवसा दवाखान्यात पगारासाठी, आणि गळीत हंगामात रात्री गाडीतळांवर, कुणी सांगितलं नव्हतं म्हणून. तिथल्या पराण्यांच्या, म्हणजे बैल टोचायच्या काठ्यांच्या, टोकांतून उपटून आणलेल्या आरांनी माझा बोर्नव्हिटाचा एक डबा भरलाय.

मी नऊ वर्षांचा होतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्याकडे जाणारा चढ, पहाटेची थंडी, मळीचा वास, आणि भरल्या टायरगाडीला जुंपलेला आमचा सरज्या पुढच्या गुडघ्यांवर बसलेला. मागे खोळंबलेल्यांच्या शिव्या. वडिलांनी शेपूट पिरगाळून पाहिलं. मग पराणी माझ्या हातात देऊन ते चाकाला खांदा लावायला गेले. मी टोचली. दोनदा. बैल उठला.

मला आनंद झाला होता. हे मी आजवर कुठल्याच सत्कारात सांगितलेलं नाही.

रुक्मिणीदेवी अरुंडेल भरतनाट्यमच्या म्हणून सगळ्यांना ठाऊक. १९५२ साली राज्यसभेवर नेमणूक झाल्यावर त्यांनी जनावरांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक आणलं. सरकारच कायदा करील, असा शब्द नेहरूंनी दिला तेव्हा ते मागे घेतलं. कायदा झाला १९६० साली. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. मी निवृत्त झालो तेव्हाही आकडा तोच. मधल्या काळात दुधाचा दर किती वेळा वाढला, ते मोजा. १९६५च्या नियमांनी टोकदार काठीवर बंदी आणली. पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही, असंही त्यांत आहे. हे नियम मी गाडीतळावर शेकोटीशी बसून वाचून दाखवायचो. गाडीवान आदराने ऐकायचे आणि चहा पाजायचे.

एकाची पराणी मी पक्कड लावून मोकळी केली, तेव्हा तो म्हणाला, "उचल घिऊन बैल घेतलाय, सायेब. ह्यो बसला तर मी बसलो." त्याच्या बैलाचा खांदा धुऊन मलम लावलं. दुसऱ्या रात्री पराणीला नवी आर होती. तीही काढली. तिसऱ्या रात्री तो दुसऱ्या तळावर उतरला.

वर्तमानपत्रवाले माझ्या नावाआधी 'प्राणीमित्र' लावतात, त्याचा मला राग आहे. मैत्रीला दुसऱ्या बाजूचा होकार लागतो.

मी सरज्याला टोचलं, त्या वर्षीची खांदेमळणी आठवते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वडील हळद-तुपाने सरज्याचा खांदा मळत होते, त्याच्या कानाशी "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणत होते. पराणी देणारे हात तेच. मला म्हणाले, तूही लाव. मी हात पुढे केला आणि सरज्याच्या पाठीवरची कातडी थरथरली. माशी नव्हती. वडिलांनी पाहिलं, बोलले काहीच नाहीत. तूप मात्र माझ्या वाटीतून काढून स्वतःच लावलं.

वडील गेल्यावर माळ्यावरची ती पराणी मी खाली काढली. डब्यातली पहिली आर तिचीच. तिचं टोक कानशीने घासून गोल केलेलं आहे. आमच्या घरात कानस वडिलांखेरीज कुणी वापरत नसे.