नाव न घातलेली पुडी

डिसेंबर निम्मा सरला की माणिकपूरच्या अंगणांत कागदी चांदण्या झुलू लागतात. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सेंट मायकल चर्चच्या दिशेनं चालत निघालं, की नव्या इमारतींच्या बेचक्यात तग धरून राहिलेली जुनी घरं दिसतात. त्यांच्या ओट्यावर मुलं माती नि गवत घेऊन नाताळचा गोठा उभारत असतात आणि आतून तळणाचा वास येत असतो. मग ताटं निघतात. विणलेल्या रुमालाखाली कुलकुल, करंज्या, केकचे तुकडे. शेजारच्या हिंदू घरात ते ताट जातं आणि रिकामं परत येत नाही. किमान साखर घालून तरी येतं. दिवाळीत तोच प्रवास उलट्या दिशेनं, फराळाचा.

देण्याघेण्याची ही रीत मला मनापासून आवडते. पण ती नावानिशी चालते. लग्नघरात आहेराची वही असते. कुणी किती दिले, कुणी साडी नेसवली, हे एक विश्वासू माणूस कोपऱ्यात बसून लिहीत असतो, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की ती वही कपाटातून खाली उतरते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1925 साली भेटीवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हेच मांडलं, की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं आहेत. आपल्या आयामावश्यांना ते निबंध न वाचता ठाऊक होतं.

नाताळच्या चिठ्ठ्या ही वही बाजूला ठेवतात. म्हणून मला त्यांचं अप्रूप आहे.

चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला आपलं नाव न सांगता भेट द्यायची, याला आता ऑफिसांतून सिक्रेट सँटा म्हणतात. आमच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात आम्ही नुसतं ‘चिठ्ठ्या काढू या’ म्हणायचो. सगळ्या जातिधर्मांच्या, वसई-विरारच्या बायका. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी दुकानात विक्रीला. कुणाच्या तरी डब्याच्या झाकणात घड्या घातलेले कागद फिरायचे. स्वतःचंच नाव आलं तर घडी घालून परत टाकायची. शंभर रुपयांच्या वर जायचं नाही, ही अट कडक होती आणि फार शहाणपणाची होती. बँकेतल्या अधिकारीणबाईंची पुडी आणि दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या मुलीची पुडी एकाच पिशवीत पडायची नि सारख्याच वजनाची असायची. नाताळआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी नायगाव मागे पडून खाडीचा पूल लागला, की पिशवी उघडायची. देणारीचं नाव सांगायचं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही.

त्याआधीचे दिवस मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. जिचं नाव आलं तिच्याबद्दल आपल्याला कितीसं ठाऊक असतं? समोर बसून ती रोज मेथी निवडते, एवढंच. मग आपण बघू लागतो. तिच्या पिशवीची शिवण कुठं उसवली आहे, ती कुठला बाम लावते, डब्यात काय आणते. आपल्या मैत्रिणींशी ती काय बोलते ते कान देऊन ऐकतो. एकीनं गप्पांच्या ओघात आजोळच्या सुकेळ्यांची आठवण काढली होती. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली, मधाच्या रंगाची, ही आमच्या वसईची खासियत. तिच्या पुडीतून तीच निघाली, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. ती बराच वेळ नुसता वास घेत बसली.

मला एकदा जुन्या कालनिर्णयच्या पानाची पुडी मिळाली होती. आत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावलेलं एक निळं बटण, चार भोकांचं, आणि पुठ्ठ्यातच खोचलेली सुई. माझ्या स्वेटरचं तिसरं बटण दिवाळीपासून गळालेलं होतं. उरलेल्या बटणांचा तो राखी झाक असलेला निळा रंग कुणीतरी डोळ्यांत साठवून दुकानं पालथी घातली होती. सुईत दोरा आधीच ओवलेला होता, टोकाला गाठ मारलेली. मी गाडीतच बटण लावलं.

आभार कुणाचे मानणार? ते कळत नव्हतं, म्हणून मी साऱ्याच जणींकडे निराळ्या नजरेनं पाहू लागले. खिडकीच्या जागेवरून जिच्याशी माझं बिनसलं होतं, तीही असू शकेल. दारालगतच्या खांबाला टेकून डुलकी घेणारी ती अबोल बाईसुद्धा. नाव कळलं असतं तर मी एकीला परतफेड करून मोकळी झाले असते. न कळल्यामुळे साऱ्या डब्याचं देणं माझ्याकडे राहिलं, आणि ते राहावं असंच मला वाटतं.

असं नाव लपवून देणं जुनंच आहे. ज्याच्यापासून सँटाक्लॉज आला तो संत निकोलस चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मिरा गावचा बिशप. त्याचा सण 6 डिसेंबरला असतो. तीन मुलींच्या गरीब बापाच्या घरात त्यानं रात्री गुपचूप सोनं टाकलं, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडेही लाडवात नाणं दडवून गुप्तदान करतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या लॅरी स्टुअर्टनं 1979 पासून नाताळात अनोळखी गरजूंच्या हातात नोटा ठेवल्या आणि नाव लपवलं. कर्करोग झाल्यावर 2006 मध्ये ते जाहीर केलं आणि पुढच्याच जानेवारीत तो गेला.

हल्ली चिठ्ठ्या मोबाइलवर निघतात. ज्यानं त्यानं आपल्याला काय हवं त्याची यादी आधीच द्यायची, दुसऱ्यानं बोट टेकवून मागवायचं, खोका परस्पर घरी. वेळ वाचतो खरा. पण त्या वाचलेल्या वेळातच माणूस माणसाकडे बघत होता, त्याचं काय करायचं? मला ही सोय पटत नाही. तिच्यात वस्तू पोचते आणि माणूस अनोळखीच राहतो.

यंदा तुमच्या हाती ज्याचं नाव येईल, त्याच्याकडे आधी आठ-दहा दिवस नीट बघा. दुकानात नंतर जा. आणि पुडी दिल्यावर, कितीही विचारलं तरी, आपलं नाव सांगू नका.