इंधनदाबाचा काटा आणि आपली सही

आपल्या स्नेहमेळाव्यांत मुले मला हमखास विचारतात, की विमानाच्या इंजिनाला इंधन कसे मिळते? ओमानमध्ये मी लहान पिस्टन विमानांच्या देखभालीचे काम करतो. एका बिघाडाच्या निमित्ताने या प्रश्नाचे उत्तर येथे देत आहे.

जुन्या सेस्ना १७२ विमानाच्या टाक्या वरच्या पंखांत असतात. इंधन गुरुत्वाकर्षणानेच कार्ब्युरेटरपर्यंत उतरते. पायपर आर्चरचे पंख मात्र इंजिनाच्या खाली. तेथे इंजिनावर चालणारा डायफ्रॅम पंप इंधन खेचतो आणि त्याच्या अलीकडे साहाय्याला विद्युत पंप असतो. दाब ०.५ ते ८ पीएसआय राहावा लागतो. तो कमी पडला तर इंजिन उपाशी राहते. जास्त झाला तर कार्ब्युरेटर तुंबतो.

अशाच एका विमानात दिवसाच्या दुसऱ्या उड्डाणावेळी काटा खाली येई आणि विद्युत पंप लावताच सावरे. अनेकांनी उन्हाला दोष दिला. ती समजूत निराधार नव्हती. याच देशात कुरियात येथे २६ जून २०१८ रोजी चोवीस तासांत पारा ४२.६ अंश सेल्सियसखाली उतरला नव्हता. बंद केलेल्या इंजिनाभोवती उष्णता साचते, नळीतील इंधनाची वाफ होते आणि पंपाच्या वाट्याला द्रवाऐवजी वाफ येते. वरिष्ठांचे मत वेगळे होते : पंप बदला, सही करा, विमान उद्या उडू द्या.

माझ्या आजोबांच्या नावापुढे कागदोपत्री अंगठाच उमटे. आज माझ्या सहीवर विसंबून कुणाचा तरी विशीतला मुलगा एकटा आकाशात जातो. म्हणून मी तपासासाठी एक दिवस मागून घेतला.

प्रथम स्वतंत्र दाबमापक जोडून काटा खरे बोलतो याची खात्री केली. मग गाळण्या उघडल्या; त्या स्वच्छ होत्या. टाक्यांची हवेची छिद्रे मोकळी होती. शेवटी इंजिन बंद ठेवून विद्युत पंप चालू केला. दोन पंपांमधील रबरी नळीच्या जोडापाशी हळूहळू निळसर ओल दिसू लागली. १००एलएल विमान इंधनाचा रंग निळा असतो, म्हणून ती चटकन ओळखू आली.

उलगडा सोपा होता. इंजिनाचा पंप खेचत असताना त्या फटीतून इंधन बाहेर येत नसे, उलट हवा आत शिरे. विद्युत पंपाने त्याच नळीत दाब निर्माण केल्यावरच गळती दिसली. नळी काढली तेव्हा तिचे रबर उष्णतेने कडक होऊन चिरलेले आढळले. नवी नळी बसवली, इंजिन तापवून पुन्हा चालवले. विद्युत पंप बंद असतानाही दाब स्थिर राहिला. जुना पंप निर्दोष होता.

तो बदलून सही केली असती, तर गळकी नळी तशीच राहिली असती, तीही तापलेल्या इंजिनाशेजारी. तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते : सुटा भाग बदलण्याआधी कारण शोधा आणि काय काय तपासले ते नोंदवहीत लिहा. तुमच्यानंतर त्या विमानाला हात लावणाऱ्याला त्या नोंदीचाच आधार असतो.