मनाशी बोलणं

मनाच्या श्लोकांत समर्थ रामदासांनी पहिल्याच श्लोकात गणेशाला आणि शारदेला नमस्कार केला. दुसऱ्या श्लोकापासून ते थेट मनाशी बोलायला लागले. एकूण श्लोक 205, पण त्यांत देवाकडे मागणं असं फारसं नाहीच. सांगणं आहे, तेही स्वतःच्याच मनाला. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या या श्लोकांतली ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला अर्धं आयुष्य गेलं.

आमच्या साताऱ्याच्या घरी दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचं. शुभंकरोती, परवचा आणि मग मनाचे श्लोक. आजी वाती वळत ऐकायची. भुजंगप्रयाताची चालच अशी, की ओळीतली बारा अक्षरं अर्थ कळण्याआधीच जिभेवर बसतात. अडायचं ते अठ्ठाविसाव्या श्लोकापासून पुढे. तिथे ओळीने बऱ्याच श्लोकांचा शेवट एकच आहे : राम आपल्या दासाला कधी अंतर देत नाही. शेवट सारखा, म्हणून पुढचा श्लोक कुठला ते आठवेना आणि मी मधले चार-पाच गाळून पुढे निघायची. आजीची वात थांबायची. "मधले कुठे सांडलेस? जा मागे." तेव्हा रडू यायचं. आज वाटतं, समर्थांना मन पक्कं ठाऊक होतं. भ्यालेल्या मनाला एकदा सांगून भागत नाही.

पुढे पुण्यात नोकरी, संसार. श्लोक मागे पडले.

वडील शेवटच्या आजारात रुग्णालयात होते. एका रात्री ते म्हणाले, "श्लोक म्हण गं." मी म्हणायला लागले. अकराव्याला आवाज अडकला. जगात सगळ्या बाजूंनी सुखी असा कोण आहे, ते मनानेच शोधून पाहावं, असं समर्थ तिथे म्हणतात. किती वर्षं म्हणत आले होते, पण ऐकला त्या रात्री. तोवर मी देवाशी फक्त नवस बोलत होते : हे होऊ दे, मी ते करीन. त्या रात्री प्रथमच मनाला विचारलं, कशाला भितेस? मनाने आधी डॉक्टर काढले, औषधं काढली, भावंडांची काळजी काढली. पुन्हा विचारलं. मग ते खरं बोललं : बाबांशिवाय मला राहता येणार नाही. ते कबूल केल्यावर आत जे शांत झालं, तिथे मी एकटी नव्हते. आमचं बोलणं कुणीतरी ऐकत होतं. याहून नेमकं मला सांगता येत नाही, आणि तो देव होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. वडील त्याच आठवड्यात गेले. मी पुष्कळ रडले, पण पोरकी झाले नाही.

सज्जनगडावर समर्थांची समाधी खाली तळघरात आहे आणि वर रामाचं मंदिर. शके 1603 च्या माघ वद्य नवमीला त्यांनी याच गडावर देह ठेवला. लोक आधी रामापुढे हात जोडतात आणि मग समाधीकडे उतरतात. मी आता आधी खाली उतरते. तिथे बसून मन जरा मोकळं झालं, की मगच वर रामापुढे उभं राहावंसं वाटतं.

घरी रोज संध्याकाळी एकच श्लोक घेते. राग, वासना, मत्सर यांविषयीचे श्लोक जास्त वेळा येतात, कारण दिवसभरात तेच जास्त भेटतात. शेजारणीचं कौतुक झालं आणि मला का बोचलं? मन सबबी सांगतं, मी विचारत राहते. ज्या मनाला बोल लावायचे, त्याला समर्थांनी आधी सज्जन म्हटलं आहे. मीही माझ्या मनाशी त्याच मायेने बोलते. दटावलेलं मन लपून बसतं.

आपण देवाकडे मागणी फार नेतो, असं मला तळमळून वाटतं. पूजा करा, वारी करा, देवळात जा, सगळं चांगलंच आहे. पण आज दिवा लावल्यावर तुम्हाला येत असेल तो एखादा श्लोक म्हणा, पुढचा लगेच घेऊ नका. मनाला एक प्रश्न विचारा आणि त्याचं पहिलं उत्तर ऐकून उठू नका.