पिशवीवरचे नाव तेच, मालक कोण?

"आजी, तुझ्या नांदगावच्या कंपनीत नेस्लेने हिस्सा घेतला!" नातवाने वर्तमानपत्रातून डोके वर काढून सांगितले.

2025 च्या जून महिन्यातली सकाळ होती. जबलपूरला अधारतालजवळच्या महाराजपूर भागात हे मराठी कुटुंब राहते. आजोबा कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आजींचे माहेर गोंदियाचे. त्यामुळे राजनांदगाव म्हणजे त्यांना शेजारचे गाव. लहानपणी त्या बी.एन.सी. मिलचे नाव ऐकत आल्या होत्या.

"कसली कंपनी रे?"

"ड्रूल्स. कुत्र्यांचं खाणं बनवते. कोंबड्यांच्या धंद्यातल्या लोकांनी काढलेली."

आजी तेव्हा मोतीच्या ताटलीत दुधात कुस्करलेली पोळी वाढत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "मग आता त्या खाण्यात काय बदलणार?"

नातवाला उत्तर देता आले नाही. बातमीत पैशांचा हिशेब होता. 2023 मध्ये एल कॅटरटन या परदेशी गुंतवणूकदाराने 6 कोटी डॉलर घातले होते, आता नेस्लेने अल्प हिस्सा घेतला, कंपनी स्वतंत्रपणेच चालेल, वगैरे. कुत्र्याच्या ताटलीत काय पडणार, हे कुठेच नव्हते. आजींनी मात्र नेमके तेच विचारले होते.

त्या घरात हा विषय आधीच नाजूक झाला होता. मोती रस्त्यावरून उचलून आणलेला, आठ वर्षांचा गावठी कुत्रा. नातू नोकरीला लागल्यापासून दुकानातून त्याच्यासाठी तयार खाण्याची पिशवी आणी. ती होती दुसऱ्याच एका कंपनीची. हिरवे पान, धावणारा कुत्रा आणि 'नैसर्गिक' हा शब्द, सगळे त्या पिशवीवर होते. आजींना ते कोरडे दाणे बघवत नसत. "बिचाऱ्याला रोज चणे-फुटाणे!" असे म्हणून त्या पोळी-दूध घालीतच. सूनबाई दोघांच्या मधे सापडल्या होत्या. गेल्या दोन महिन्यांत मोती सुस्तावला होता आणि सारखा अंग खाजवीत होता. आजी म्हणत, हा पिशवीचा प्रताप. नातू म्हणे, हा दुधाचा. शब्दाला शब्द वाढून एकदा तर आजी रात्री न जेवता झोपल्या होत्या.

त्या रविवारी न्यू जर्सीहून आत्याचा फोन आला. तिच्याकडेही कुत्रा आहे. बातमी ऐकून ती हसली. "अरे, इकडं तर हे नेहमीचंच. एखादं चांगलं नाव तयार झालं की मोठे लोक ते विकत घेतात."

तिचे म्हणणे खोटे नाही. 'ब्लू बफेलो' ही कंपनी एका कुटुंबाने आपल्या ब्लू नावाच्या आजारी कुत्र्यावरून काढली. 2018 मध्ये जनरल मिल्सने ती सुमारे 8 अब्ज डॉलरला घेतली. ही जनरल मिल्स म्हणजे माणसांच्या नाश्त्याचे पदार्थ बनवणारी कंपनी. 'नॅचुरा' ही नैसर्गिक खाण्यासाठी नावाजलेली कंपनी 2010 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेली आणि 2014 मध्ये त्यांच्याकडून मार्सकडे. साबणवाल्याकडून चॉकलेटवाल्याकडे, तेही चार वर्षांत! 'ओरिजेन' आणि 'अकाना' ही कॅनडातली महागडी नावेही 2023 मध्ये मार्सच्याच घरात आली.

आपल्याकडे याची ओळख 1993 सालीच झाली. पार्लेने थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले. थम्स अप आजही मिळते, गोल्ड स्पॉट मात्र पुढे बाजारातून गेले. विकत घेतलेले नाव वाढवायचे की मिटवायचे, हे नवा मालक ठरवतो. थम्स अपची चव बदलली की नाही, यावर लग्नाच्या पंगतीत माणसे अजून वाद घालतात. मोतीला तो वाद घालता येत नाही.

पण म्हणून लहान कंपनी तेवढी प्रामाणिक आणि मोठी तेवढी लबाड असे समजायचे का? 'ब्लू बफेलो'चीच गोष्ट पाहा. आमच्या खाण्यात कोंबडीचे टाकाऊ अवयव नाहीत, अशी तिची जाहिरात होती. 2014 मध्ये प्रतिस्पर्धी प्युरिना कोर्टात गेली, आणि पुरवठादाराकडून आलेल्या काही मालात ते असल्याचे पुढे कंपनीला मान्य करावे लागले. त्या वेळी ती कोणा बड्या कंपनीच्या ताब्यात नव्हती. जनरल मिल्स तर चार वर्षांनी आली.

आत्याने 2007 ची आठवणही सांगितली. त्या वर्षी मार्चमध्ये कॅनडाच्या मेन्यू फूड्सला 6 कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत मागवावी लागली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले होते. प्रथिने जास्त दिसावीत म्हणून केलेली ही भेसळ. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्याहून लोकांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. स्वस्त आणि महाग, कितीतरी वेगवेगळ्या नावांचा माल एकाच कारखान्यातून निघत होता!

आजी फोनच्या स्पीकरवर सारे ऐकत होत्या. "म्हणजे माझी पोळीच बरी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी निर्णय घेतला. मोतीला रिक्षात घालून तिघेही सिव्हिल लाइन्समधल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. 1948 सालापासूनचे हे महाविद्यालय, आता विद्यापीठाचा भाग आहे. डॉक्टरांनी आधी मोतीचे कान उलटून पाहिले, मग बोटांच्या बेचक्या. खाज गोचिडांची निघाली! पिशवीही निर्दोष, दूधही निर्दोष. आजी आणि नातू एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघू लागले.

वजनाच्या काट्यावर मात्र मोती 24 किलो भरला. त्याच्या बांध्याला 18 पुरे होते. डॉक्टरांनी त्याच्या कुशीवर हात फिरवला. "बरगड्या हाताला लागायला हव्यात, अम्माजी. इथे गादी लागते आहे. दिवसभरात काय काय खातो, सगळे सांगा."

मग हिशेब निघाला. 18 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 900 उष्मांक लागतात. पिशवीच्या मापानेच तेवढे पोटात जात होते. त्यावर आजींच्या तूप लावलेल्या चार पोळ्यांचे चारशेच्या वर, अर्धा लिटर दुधाचे आणखी तीनशे. शिवाय चहाबरोबरची बिस्किटे, ती तर घरातला प्रत्येक जण गुपचूप देत होता. मोती दोन कुत्र्यांचे जेवत होता.

"पण नुसती पोळी-दूध दिली तर?" आजींनी हळूच विचारले.

"पोट भरेल, पोषण होणार नाही. प्रथिने कमी पडतील. घरचेच द्यायचे तर अंडी किंवा कोंबडी, भात, दुधी-भोपळा आणि आम्ही सांगू तेवढे कॅल्शियम. कांदा-लसूण नको, द्राक्षे-बेदाणे नकोत, शिजलेले हाड तर मुळीच नको. नाहीतर पिशवीचे द्या, मोजून. वरचा खाऊ दिवसाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. आणि बदल करायचा तर आठवडाभर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळून."

आजी काही बोलल्या नाहीत. आठ वर्षे ज्याला मायेने भरवले, त्याला आपल्याच मायेने धाप लागते, हे पचायला सोपे नव्हते. परतीच्या रिक्षात त्यांचा हात मोतीच्या बरगड्या शोधत होता.

त्या रात्री नातवाने पिशवी उलटी करून वाचली. समोरची बाजू दुकानदारासाठी असते, मागची गिऱ्हाईकासाठी. भारतात माणसांच्या अन्नाचा 2006 चा कायदा पशुखाद्याला लागू नाही. कुत्र्या-मांजरांच्या खाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असले, तरी त्यातही गंमत आहे. ताज्या कोंबडीत बरेचसे पाणीच असते. त्या ओल्या वजनावर ती पहिला नंबर पटकावते आणि शिजून सुकली की मक्याच्या मागे जाते. ओल्या पाकिटावर 8 टक्के प्रथिने आणि कोरड्या पिशवीवर 22 टक्के, हे आकडेही फसवतात. पाकिटात 80 टक्के पाणी, पिशवीत 10. पाणी वगळले तर पाकिटात 40 टक्के निघतात, पिशवीत 24. अमेरिकेत तर 'विथ चिकन' लिहायला 3 टक्के कोंबडी पुरते, असे आत्या म्हणाली होती.

"आणि हे 'धान्यविरहित' म्हणजे भारी का?" सूनबाईंनी दुसऱ्या एका पाकिटाची जाहिरात दाखवत विचारले. 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाण्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध तपासायला घेतला. धान्याऐवजी त्यात बहुधा वाटाणे आणि डाळी असतात. कार्यकारण अजून सिद्ध झालेले नाही. पण भारी म्हणून जादा पैसे मोजण्याआधी थांबावे, एवढे खरेच.

नातवाने जुन्या पिशवीची मागची बाजू कात्रीने कापली. आजींनी ती शिधापत्रिकेच्या डब्यात ठेवली.

दिवाळीपर्यंत मोती 20 किलोवर आला. सकाळची पोळी आता पाव असते. आजी ती इतके बारीक तुकडे करून वाढतात की पूर्ण पोळीच वाटावी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नातू नवी पिशवी घेऊन आला. रंग तोच, हिरवे पानही तेच, फक्त कोपऱ्यात 'नवीन, सुधारित' अशी चकती होती.

"ठेव तिथं. फोडू नकोस," आजी चष्मा शोधत म्हणाल्या. "आधी तो डबा आण."

जुना तुकडा पिशवीशेजारी ठेवून त्या एकेक नाव बोटाने लावू लागल्या. तिसऱ्या नावापाशी बोट थांबले.

"हे बघ रे. मागच्या वेळी इथं मका नव्हता."