मलकपेठची टेकडी आणि डोंगरी सायकल

हैदराबादेस जाणारा मराठी प्रवासी बहुधा चारमिनार पाहतो, गोवळकोंडा चढतो, सालारजंग संग्रहालयात अर्धा दिवस घालवितो आणि परतीची गाडी पकडतो. मुसी नदीच्या दक्षिण तीरावरील मलकपेठेत तो सहसा उतरत नाही. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी असलेल्या मलिक याकूब नामक सेवकावरून ह्या पेठेस हे नाव पडले, असे सांगतात. निजामाच्या अमदानीत १८८६ साली घोड्यांच्या शर्यतींचे मैदान येथे आले, ते अद्याप आहे. येथील बाजारात महाराष्ट्राच्या कांद्याचे ट्रक उतरतात. त्यामुळे पहाटे त्या रस्त्याने जाताना परक्या मुलुखातही घरच्यासारखा वास येतो. २०१८ सालापासून ह्या गजबजाटाच्या डोक्यावरून मेट्रो धावू लागली आहे.

कामानिमित्त वर्षातून एकदोनदा माझा मुक्काम ह्या पेठेत पडतो. तेथील एका स्नेह्याकडे माझ्यासाठी एक डोंगरी सायकल ठेवलेली असते. आम्हा धर्मगुरूंना सायकल काही नवी नाही. वाड्यावाड्यांवर जावयाचे तर तीच आमची जुनी सोबतीण. परंतु रुंद व खाचांच्या टायरची, अनेक गिअरची ही डोंगरी सायकल मी गेली वीस वर्षे मुरमाच्या, खडकाच्या आणि रानाच्या वाटांवर चालवीत आलो आहे. आता आपल्याही खेड्यापाड्यांत घरोघरी मुले असली सायकल मागू लागली आहेत. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्या, असे मनात आले.

प्रथम ह्या वाहनाचा जन्म कसा झाला, ते ऐकावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. तेथील काही तरुण जुन्या, जाडजूड, रुंद टायरच्या सायकली घेऊन मातीच्या वाटांनी डोंगर उतरू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेरा-चौदाशे फूट खाली येणारी ती वाट होती. त्या सायकलींना पॅडल उलटे मारून लागणारा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर चाकाचा तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यामुळे त्या वाटेस ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असेच नाव पडले. पुढे जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची आदी मंडळींनी ह्या कामासाठी खास सायकली बनविल्या, आणि १९९६ साली अटलांटा येथील ऑलिम्पिकमध्ये ह्या खेळास स्थान मिळाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की ह्या सायकलीचा जन्म उतारावर झाला आणि तिची पहिली अडचण ब्रेकची होती. वीस वर्षांच्या अनुभवाचे सारही तेच आहे. चढ माणसाच्या दमाची परीक्षा घेतो. उतार त्याच्या विवेकाची घेतो. दमात जो कमी पडतो तो खाली उतरून सायकल ढकलतो, एवढेच. विवेकात जो कमी पडतो त्याला इस्पितळात न्यावे लागते.

मलकपेठेत हा धडा गिरविण्यास दूर जावे लागत नाही. हैदराबाद वसले आहे ते ग्रॅनाइटच्या खडकावर. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा हा पाषाण ठिकठिकाणी टेकड्यांच्या रूपाने वर आलेला आहे. अशाच एका उंचवट्यावर निजामाचे दिवाण सर आस्मान जाह यांनी १८८५ साली आस्मानगढ नावाचा महाल बांधला. युरोपातील एखाद्या गढीसारखा दिसणाऱ्या त्या वास्तूत पुढे शाळा भरू लागली. जवळच दुसऱ्या उंचवट्यावर रेमाँ नामक फ्रेंच सेनापतीची समाधी आहे. हा गृहस्थ १७७५ साली व्यापारासाठी पाँडिचेरीस आला आणि पुढे निजामाच्या फौजेचा सरदार झाला. नगर जिल्ह्यातील खर्डा येथे मार्च १७९५ मध्ये मराठे व निजाम यांची जी लढाई झाली, तीत त्याच्या पलटणी आपल्या विरुद्ध बाजूस उभ्या होत्या. २५ मार्च १७९८ रोजी तो मरण पावला. हैदराबादच्या लोकांनी ह्या परदेशी माणसावर मोठा लोभ केला. मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणत आणि हिंदू मूसा राम म्हणत. शेजारच्या मुसारामबाग वस्तीचे नाव त्याचीच आठवण ठेवून आहे.

समाधीच्या आवारात सायकल हाती धरूनच चालावे. मृतांच्या विश्रांतिस्थानी ती उडवीत नेणे कोणत्याही धर्माच्या माणसास शोभत नाही. पण भोवतालच्या उभ्या गल्ल्या ही सायकलस्वाराची उत्तम शाळा आहे. चढाचे नियम थोडे आहेत. चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा; जोर पडल्यावर गिअर बदलू गेल्यास चेन करकरते व कधी तुटते. सीटवर थोडे पुढे सरकून बसावे आणि छाती हँडलकडे झुकवावी. खडीवर उभे राहून पॅडल मारू नये; मागील चाकावरचा भार हलतो आणि ते जागच्या जागी फिरू लागते. श्वास लागला तर उतरावे. त्यात कमीपणा नाही.

एकदा आस्मानगढच्या चढावर मी असा धापा टाकीत थांबलो असता तेथील एक वृद्ध चहावाला दख्खनी हिंदीत म्हणाला, की चढायला सगळेच येतात, पण ब्रेक न तपासता उतरणारे पाहिले की आपला जीव खालीवर होतो. त्याने आयुष्यात डोंगरी सायकल चालविली नसेल. परंतु पुष्कळ जाडजूड पुस्तकांचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.

उतरताना काय करावे? दोन्ही पॅडल जमिनीशी समांतर ठेवून त्यांवर उभे राहावे, म्हणजे खालचे पॅडल दगडास अडत नाही. कोपरे व गुडघे सैल ठेवावे. उतार जितका उभा, तितके अंग सीटच्या मागे न्यावे. हँडल गच्च आवळू नये. एकदोन बोटे मात्र सतत ब्रेकवर असावीत. पुष्कळांचा समज असतो की पुढचा ब्रेक घातकी आहे, त्याला हातच लावू नये. हे खरे नव्हे. गाडी थांबविण्याची अधिक शक्ती पुढच्याच ब्रेकमध्ये असते. तो एकदम न दाबता हळूहळू, मागच्याच्या जोडीने दाबावा. वळणापूर्वी वेग कमी करावा, वळणात नव्हे. आणि नजर चाकापुढच्या दगडावर न खिळविता, आपल्याला जेथून जावयाचे आहे त्या वाटेवर ठेवावी. जेथे डोळे जातात तेथेच चाक जाते. धोंड्याकडे टक लावून पाहणारा धोंड्यावरच आदळतो.

दुसरा धडा मुसी नदीचा. एरव्ही ही नदी दीनवाणी दिसते. परंतु २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला आलेल्या महापुराने हजारो माणसे गिळली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधण्यात आले. तरीही अतिवृष्टीत जलाशयांचे दरवाजे उघडले की नदी फुगते. मुसारामबाग येथील जुना बुटका पूल अशा वेळी अनेकदा रहदारीस बंद करावा लागे. आमच्याकडच्या ओढ्यांनाही हेच लागू आहे. पाण्याखालची वाट दिसत नसेल तर सायकल पाण्यात घालू नये. रुंद टायर म्हणजे होडी नव्हे. पाणी घोट्याच्या वर आणि वाहते असेल तर परत फिरावे. एक दिवस उशिरा पोहोचल्याने कोणाचे घर बुडत नाही.

ही मुसी उगम पावते विकाराबादनजीकच्या अनंतगिरीच्या रानात, हैदराबादपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर. विकाराबादपर्यंत आगगाडीने जाता येते. परळी व लातूर रोडकडून येणाऱ्या आपल्या मंडळींना हे जंक्शन चांगले ठाऊक आहे. मलकपेठेहून निघालेल्या सायकलस्वारास येथे भूमीचा पालट स्पष्ट दिसतो. शहराचा करडा ग्रॅनाइट मागे पडतो, आणि आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण व त्यावरील तांबडा जांभा दिसू लागतो. जमीन बदलली की चालविण्याची रीतही बदलावी लागते. कोरडा ग्रॅनाइट खरखरीत असतो व टायरला घट्ट धरतो. तोच शेवाळला की साबणासारखा निसरडा होतो. काळ्या दगडाचा मुरूम गोट्यांसारखा पायाखालून सरकतो. त्यावर ब्रेक हलक्या हाताने लावावा. जांभ्याची ओली माती चाकात भरते आणि सायकल जागीच अडते; तेव्हा ओढाताण न करता काटकीने माती काढावी, हेच शहाणपण.

हवेविषयीही सांगितले पाहिजे. आपल्याकडे टायर दगडासारखे टणक भरण्याची सवय आहे. डांबरी रस्त्यास ते ठीक; खडकाळ वाटेवर असा टायर चेंडूसारखा उडतो. रुंद टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड हवा सामान्य वजनाच्या माणसास पुरते. फार कमी केली तर ट्यूब दगड व रिम यांमध्ये चिमटते. टायरवर छापलेली मर्यादा पाहून, थोडी कमीजास्त करून, प्रत्येकाने आपले माप शोधावे.

अनंतगिरीच्या एका फेरीत आमच्या सोबतच्या तरुणाची ट्यूब बाभळीच्या काट्याने फुटली. त्याने झटपट नवी ट्यूब घातली, आणि फर्लांगभर जातो न जातो तोच तीही फुटली. काटा टायरमध्येच होता. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडके फिरवावे. काटा असेल तेथे फडके अडकते. एक जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, चाव्यांचा लहान जुडगा आणि दोन बाटल्या पाणी एवढे जवळ असल्यावाचून रानात शिरू नये. तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे. कोणत्या वाटेने जातो व केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे. रानात मोबाईलचा संपर्क तुटतो, घरच्या माणसाची आठवण तुटत नाही. गुरे, मेंढरे आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोर दिसली की उतरून वाट द्यावी. ती वाट आधी त्यांची आहे. आपण हौसेचे पाहुणे.

आता आईबापांसाठी दोन शब्द. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात एक शाळकरी मुलगा उतारावर पडला व त्याच्या कपाळास टाके पडले. सायकल नवी, झगझगीत, पुढेमागे स्प्रिंगा असलेली. पण ब्रेकचे रबर झिजून आतले लोखंड उघडे पडले होते. मुलगा बरा झाला, ही देवाची कृपा. परंतु सायकल विकत घेताना घरच्या वडील माणसांनी रंग व स्प्रिंगा पाहिल्या होत्या, हेही खरे. डोंगरी सायकलीसारख्या दिसणाऱ्या पुष्कळ स्वस्त सायकली डोंगरासाठी बनविलेल्याच नसतात. त्यांच्या मागील स्प्रिंगा केवळ वजन वाढवितात. त्याच पैशात साध्या, ताठ सांगाड्याची व चांगल्या ब्रेकची सायकल घ्यावी. मुलाला दोन्ही पाय जमिनीवर टेकवून मधल्या दांडीवर उभे करावे. दांडी व अंग यांत तीन-चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे. ‘पुढे वाढेल’ म्हणून सदरा मोठा घेता येतो, सायकल नव्हे. डोक्यास नीट बसणारे हेल्मेट त्याच दिवशी, त्याच दुकानातून घ्यावे, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

आणि रोज शाळेस निघण्यापूर्वी मुलाकडून चार गोष्टी करवून घ्याव्या: दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहणे, टायर अंगठ्याने चेपून पाहणे, दोन्ही चाके घट्ट आहेत की नाहीत ते हलवून पाहणे, आणि चेन कोरडी वाटल्यास पुसून तेलाचे थेंब सोडून जादा तेल टिपून घेणे. ह्यास दोन मिनिटे पुरतात. सायकल धुताना नळीचा जोरदार फवारा तुंब्यावर मारू नये. आतील ग्रीस निघून जाते आणि बेअरिंगे गंजतात.

दुरून डोंगर साजरे, अशी म्हण आपण सहज वापरतो. डोंगर जवळूनही साजरेच असतात. मात्र त्यांच्याकडे जाणाऱ्याने परतीचा उतार डोळ्यांपुढे ठेवून निघावे. कधी मलकपेठेत उतरलात, तर रेमाँच्या टेकडीवर सकाळच्या प्रहरी अवश्य चढा. तेथून खाली पसरलेले शहर पाहा, घोटभर पाणी प्या, आणि उतरण्यापूर्वी दोन्ही ब्रेक एकवार दाबून बघा.