चालू इंजिनावर पाहायचं तेल

बाबांचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून दुखायला लागला, तेव्हा आम्ही मुद्दाम शोधून जुनी ऑटोमॅटिक कोरोला घेतली. क्लच गेला, बाबा खूश. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र गाडी कुरकुरायला लागली. लिव्हर 'डी'वर टाकला तरी लगेच निघायची नाही, मग एकदम हिसका द्यायची. आंबा घाटात चढावर तर आरपीएमचा काटा नुसताच वर पळायचा, गाडी त्या मानाने ओढायची नाही. सांगलीतल्या एका गॅरेजात बॉनेटही न उघडता सांगून टाकलं, "ताई, गिअरबॉक्स उतरवायला लागतोय." खर्चाचा आकडा ऐकून बाबा गप्पच झाले.

मला ते पटेना. घरी येऊन गाडीची पुस्तिका काढली. साध्या गिअरबॉक्समधलं तेल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमधल्या तेलावर मात्र सगळा कारभार चालतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद या तेलातूनच पुढे जाते. त्याच्याच दाबाने आतल्या क्लच प्लेट्स आवळल्या जातात आणि गिअर पडतो. आतली उष्णता रेडिएटरमधल्या कूलरपर्यंत नेणारंही हेच तेल. ते कमी पडलं की पंप तेलासोबत हवा ओढतो, दाब पुरत नाही आणि प्लेट्स घसरतात. आमच्या गाडीची लक्षणं हुबेहूब हीच होती.

इंजिन ऑइल आपण इंजिन बंद करून बघतो. इथे इंजिन चालू हवं, कारण ते बंद केलं की वर फिरणारं तेल खाली उतरतं आणि पट्टीवर पातळी खोटीच जास्त दिसते. शिवाय तेल तापल्यावर फुगतं, म्हणून पट्टीवर 'कूल' आणि 'हॉट' अशा वेगळ्या खुणा असतात. खरा भरवसा 'हॉट'वर. त्यासाठी तेल साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं लागतं. आम्ही मिरजेपर्यंत चक्कर मारून आलो आणि गाडी सपाट जागी लावली. बाबांनी हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर 'पी'पासून 'एल'पर्यंत एकेका जागी थांबवत नेला आणि परत 'पी'वर आणला. मी ओढणी गाडीत काढून ठेवली होती. फिरता पट्टा असतोच, आणि रेडिएटरचा पंखा कधीही सुरू होतो.

पट्टी काढली, पुसली, पूर्ण आत घातली, पुन्हा काढली. पुसायला धागे सुटणारं वेस्ट घेऊ नये. आतले तेलाचे मार्ग इतके बारीक असतात की एखादा तंतूही अडकू शकतो. तेल 'हॉट'च्या खालच्या खुणेच्याही बरंच खाली होतं. एक थेंब टिश्यू पेपरवर टिपला. तांबूस, पण पारदर्शक. करपल्याचा वास नाही. तेल काळपट आणि करपट असतं तर प्लेट्स जळाल्या म्हणायच्या, दुधाळ गुलाबी असतं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलं म्हणायचं. दोन्ही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

पुस्तिकेत 'टाइप टी-फोर' असं स्पष्ट लिहिलंय. दुकानदार म्हणाला, "ताई, लाल असलं की झालं." नाही होत. लाल हा नुसता ओळखीसाठी घातलेला रंग. प्लेट्स किती घट्ट धरायच्या आणि किती अलगद, हे त्या त्या तेलाच्या गुणांवर ठरतं. हवं ते तेल कोल्हापुरात मिळालं. लांब नळीचं नरसाळं पट्टीच्याच नळीत बसवून थोडं थोडं ओतलं, दर वेळी लिव्हर फिरवून पातळी बघितली. इथे घाई नको. तेल जास्त झालं तर फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो, फेसात दाब टिकत नाही आणि त्रास तोच राहतो.

पण हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कोल्हापूरच्या एका जुन्या मेस्त्रींनी नेमकं तेच सांगितलं, "तेल कमी झालं म्हणजे कुठंतरी गेलंय. आधी ते शोधा." रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुढच्या बाजूला लाल डाग! कूलरकडे जाणारा रबरी पाइप क्लिपखाली कडक होऊन चिरला होता. मेस्त्रींनी पाइप आणि क्लिपा बदलल्या. त्यानंतर गाडी 'डी'वर टाकताच निघते आणि घाटातही नीट ओढते.

तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर आधी तिची स्वतःची पुस्तिका उघडा. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हे तेल इंजिन बंद केल्यावर लगेच बघतात. एएमटी म्हणजे मुळात साधा गिअरबॉक्स, त्यात ही पट्टी नसते. बऱ्याच नव्या गाड्यांतही ती नसते. तिथे लिफ्टवर घेऊन, ठरलेल्या तापमानाला बूच उघडून पातळी बघावी लागते, ते वर्कशॉपवरच सोपवा. पण पट्टी असेल आणि कुणी गिअरबॉक्स उतरवायची भाषा केली, तर आधी ती तुमच्यासमोर काढून दाखवायला सांगा.