फुलराणी धारवाडात

'ती फुलराणी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भक्ती बर्वे उभ्या राहतात. १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून हे नाटक मराठीत आणलं आणि मंजुळा अशी काही आपली झाली की तिचं माहेर लंडनचं, हेच आपण विसरून गेलो. त्याच 'पिग्मॅलियन'वरून न्यूयॉर्कला १९५६ साली 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक आलं आणि १९६४ साली जॉर्ज क्युकरनं त्याचा चित्रपट केला. आठ ऑस्कर मिळाली त्याला. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण जवळजवळ तीन तास बसून तो पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो. मी तो धारवाडला पाहिला, आणि तो धारवाडलाच पाहिला हे फार बरं झालं असं आता वाटतं.

पात्रं बोलता बोलता गाऊ लागतात म्हणून हॉलिवूडच्या या चित्रपटांना नाकं मुरडणारे पुष्कळ. आपण गोंयकारांनी तरी मुरडू नयेत! देवळापुढच्या मांडवात रात्र रात्र संगीत नाटकं पाहिलेली आपली माणसं. शाकुंतल लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि मास्टर दीनानाथ आपल्या मंगेशीचे. पुढे १९६६ साली वसंत कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाली' रंगभूमीवर आणलं ते गोवा हिंदू असोसिएशननं, आणि त्याला संगीत दिलं तेही मंगेशीच्याच अभिषेकीबुवांनी. बोलता बोलता गाण्यात शिरणं आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर येणं, हे त्या नाटकानं मराठी प्रेक्षकाला छान दाखवलं. तेव्हा हा प्रकार आपल्याला परका नाही.

माझी थोरली बहीण लग्न होऊन धारवाडला गेली त्याला आता पंचवीस वर्षं झाली. भावोजींचं घराणं तिथलंच, मराठी बोलणारं. ताई मुलीशी कोंकणीत बोलते, भावोजी मराठीत, आणि दाराबाहेर पाऊल पडलं की कन्नड. भाची या तिन्ही भाषांतून अशी ये-जा करते की सांधा कुठे आहे ते कळू नये. बी.ए. झाल्यावर ती पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेली होती. काम फोनवरून ग्राहकांशी मराठीत बोलण्याचं. "तुमच्या मराठीला कानडी हेल आहे," असं सांगून तिला परत पाठवलं. तेव्हापासून महाराष्ट्रातून कोणी पाहुणे आले की ही पोर त्यांच्याशी इंग्रजीत बोलते. ताईला ते फार लागतं. ती दाखवत नाही इतकंच.

चित्रपट लावला तो भाचीनंच, लॅपटॉपवर. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. भाषेचा पंडित प्रोफेसर हिगिन्स. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच तो लंडनच्या कुठल्या गल्लीतला हे ओळखणारा. फुलं विकणाऱ्या एलायझाचे उच्चार सुधारून सहा महिन्यांत तिला सरदारघराण्यातली बाई म्हणून खपवीन, अशी तो पैज मारतो. मग धडे, पाठांतर, तोंडात गोट्या कोंबून म्हणायला लावणं, सगळं आलं. आम्ही हसत होतो. मध्येच भाची म्हणाली, "काय हो मामा, तुझं बोलणं बदलू काय म्हणून तिला कुणी विचारलं तरी का?"

हिगिन्सला यातलं 'म्हणून' लगेच खटकलं असतं. पुण्यात 'असं' किंवा 'की' येईल तिथे धारवाडी मराठीत 'म्हणून' येतं. कन्नडमधल्या 'अंत'ची ती सावली. आणि गंमत पाहा, आपल्या कोंकणीतलं 'म्हण' नेमकं त्याच जागी येतं! मुलाखत घेणाऱ्यांना जो हेल वाटला तो माझ्या कानाला घरचा वाटत होता.

तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर चित्रपटातच आहे. एलायझा स्वतःच्या पायांनी हिगिन्सकडे येते, फी देण्याची तयारी दाखवून. रस्त्यावर टोपली घेऊन बसण्याऐवजी तिला नीट दुकानात उभं राहायचं असतं. शिकण्यात कमीपणा नाहीच. शॉचा चिमटा वेगळ्या ठिकाणी आहे. अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीला एलायझा अगदी घोटीव उच्चारात बोलते, पण बोलते काय, तर मावशीला घरातल्यांनीच कसं संपवलं असावं ते! पुढे वकिलातीतल्या नृत्यसमारंभात दुसरा एक भाषापंडित तिला पारखतो आणि निकाल देतो की ही इंग्रज नव्हेच, हंगेरीची राजकन्या आहे. कारण काय, तर इतकं शुद्ध इंग्रजी इंग्रज माणूस बोलतच नाही.

इथे मी मोठ्यानं हसलो. आपण गोव्यातली माणसं पुण्याला गेलो की काय ऐकून येतो? "तुमचं मराठी फार पुस्तकी हो!" घरात कोंकणी आणि मराठी शाळेतून, पुस्तकांतून, कीर्तनातून आलेलं. म्हणजे हेल असला तर कानडी, आणि नसला तर पुस्तकी. परीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्याला पास करायचंच नसलं की काहीही पुरतं.

चित्रपट संपल्यावर भाचीला आणखी एक गोष्ट सांगितली. एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्ननं गाण्यांसाठी मेहनत घेतली, ती रेकॉर्डही केली. पण पडद्यावर बहुतेक गाणी आली ती मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात. उलट हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनला गाता येत नव्हतं, तर तो गाणी बोलून मोकळा झाला. त्याचं ते बोलणं जसंच्या तसं टिपता यावं म्हणून टायमध्ये छोटा माइक लपवला. ऑस्कर त्याला मिळालं, हेपबर्नला साधं नामांकनही नाही. पार्श्वगायनाचं आपल्याला नवल नाही, पण ही गोष्टच मुळी एका मुलीच्या आवाजाची! त्याला आपला अवगुण ठेवता आला आणि तिला आपला गळा ठेवता आला नाही.

हे सगळं पाहत होतो ते धारवाडात बसून. इथून वीस किलोमीटरवर हुबळी. तिथे गंगूबाई हनगल राहत. लहान वयातल्या त्यांच्या रेकॉर्डी ऐका, आवाज बारीक आणि उंच आहे. त्यांत मराठी गाणीही आहेत. पुढे गळ्याच्या दुखण्यात तो आवाज गेला आणि जाड, भरदार, पुरुषी वाटावा असा आवाज आला. दुसऱ्या कुणी तंबोरा खुंटीला टांगला असता. बाईंनी त्याच आवाजाला आपलं गाणं केलं. कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे हुबळीहून आगगाडीनं ये-जा करून शिकल्या, किराण्याची शिस्त अंगी बाणवली, पण गळा स्वतःचाच ठेवला. त्या आवाजातला एक षड्ज ऐकावा आणि हिगिन्सच्या सगळ्या धड्यांची वही मिटावी.

आणि धारवाडच्या साधनकेरीत बेंद्रे. घरची भाषा मराठी. लिहिलं ते मुख्यतः कन्नडात, तेही धारवाडच्या रस्त्यावर बोलल्या जाणाऱ्या कन्नडात. 'नाकु तंति'ला ज्ञानपीठ मिळालं. ज्या बोलीला कुणी हेल म्हणालं असतं त्या बोलीत कन्नडातली उत्तम कविता झाली, आणि ती केली घरात मराठी बोलणाऱ्या माणसानं. भीमसेन जोशींचंही तेच. गदगच्या या कानडी माणसानं अभंग असे गायले की वारकऱ्यांनी माना डोलवल्या. त्यांच्या उच्चारांचं प्रगतिपुस्तक कुणी मागितल्याचं ऐकलं नाही.

मंजुळेवर पुलंनी जेवढा जीव लावला तेवढाच 'गणगोत'मधल्या बेळगावच्या रावसाहेबांवर लावला. रावसाहेबांची ती कानडी वळणाची, लिंगांची मोडतोड करणारी मराठी पुलंनी सुधारून छापली असती तर रावसाहेब उरलेच नसते.

चित्रपटाच्या शेवटी एलायझा हिगिन्सकडे परत येते आणि तो टोपी डोळ्यांवर ओढून आपल्या सपाता कुठे आहेत ते विचारतो. शॉला हे मान्य नव्हतं. नाटकाला जोडलेल्या टिपणात त्यानं तिला फ्रेडीशी लग्न लावून फुलांचं दुकान काढून दिलं. मला तोच शेवट खरा वाटतो. त्या दुकानात बसून ती गिऱ्हाइकाशी कशी बोलत असेल? मला वाटतं, शिकलेलं शिकलेल्या जागी, आणि फुलांचा भाव सांगताना आपल्या आईच्या भाषेत.